फर्स्ट फ्लश आणि डाळीचं पाणी

खरं तर हे दार्जिलिंगचं प्रवासवर्णन व्हायला हवं होतं. फोटो आहेत, तिकिटं आहेत, टॉय ट्रेनचा धूर नाकात गेलेला आहे. पण तिथले पाच दिवस मी चार ओळींत उरकणार आहे आणि सोलापूरची एक दुपार लांबवणार आहे, कारण ज्या चहासाठी एवढा लांब गेलो तो मला कळला मधल्या मारुतीजवळ, काकांच्या घरी, ४२ डिग्रीत, पंखा बंद करून. पंखा का बंद ते पुढे येईलच.

तर त्या चार ओळी. मार्चच्या शेवटी गेलो, कांचनजंगा एकदाच दिसला आणि तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो, घूम गावात कुडकुडलो, मोमो खाल्ले, मॉल रोडवर पुण्याचेच लोक भेटले आणि त्यांनी विचारलं की इथे पोहे कुठे मिळतात. झालं.

एका मळ्याच्या टेस्टिंग रूममध्ये मात्र जरा सांगण्यासारखं घडलं. टेबलावर ओळीने पांढरे कप मांडलेले, प्रत्येकासमोर त्या त्या चहाची पत्ती. तिथला माणूस चमच्याने घोट घ्यायचा आणि असा काही भुरका मारायचा की आमच्या आजीने असल्या आवाजावर पाठीत धपाटा घातला असता. मग म्हणायचा फ्लोरल, ग्रीन, ब्राइट. आम्ही सात-आठ टुरिस्ट मान डोलवत होतो. एक बाई तर डोळे मिटून डोलवत होत्या. मला काय लागलं ते आता इथे लिहून टाकतो: गरम पाणी. जरासं तुरट, जरासं गवतासारखं गरम पाणी. पण ते म्हणायची हिंमत झाली नाही, मीही "व्वा, फ्लोरल" म्हणालो, आणि नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही ना, म्हणून शंभर ग्रॅमचं पाकीट घेतलं. अकराशे रुपये! चहाचे! घरी किलोभर पावडर याच्या निम्म्यात येते.

हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेदहा होत आले होते आणि प्लॅटफॉर्मवरची फरशी तेव्हासुद्धा गरम होती. एप्रिलात सोलापूरला कोण जातं असं ऑफिसात विचारतात. ज्याचे काका तिथे आहेत तो जातो. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. चाळीस वर्षं चहापावडरीचं दुकान, खाली दुकान आणि वर घर. बारीक, दाणेदार, मिक्स, आणि हॉटेलवाल्यांसाठी वेगळी कडक, असे डबे. लहानपणी सुट्टीत मी त्या दुकानात बसायचो आणि दिवसभर शिंकायचो.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी पाकीट काढलं. काकांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला, थोडी पत्ती तळहातावर ओतली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कच्चंच हाय की. हिरवं दिसायलंय."

मग मी ज्ञान पाजळलं. म्हटलं काका, थंडीत चहाची झाडं झोपलेली असतात, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. मग फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये जरा ऊब आली, पाऊस शिंपडला की जे पहिले कोंब फुटतात, दोन पानं आणि एक कळी, ते खुडतात. एप्रिलपर्यंत चालतं. हा फर्स्ट फ्लश. मे-जूनचा तो सेकंड फ्लश, तो लालसर. नंतर पावसाळ्यातला आणि शेवटी शरदातला. आणि हा हिरवा दिसतो कारण खुडल्यावर पाला रात्रभर वाऱ्यावर असा कोमवतात की त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी उडून जातं, मग मळून फार वेळ ठेवला तरी तो नीट काळा पडतच नाही. नावाला ब्लॅक टी.

"म्हणजे बेदाण्यासारखं," काका म्हणाले. "पाणी काढून गोडी आत ठेवायची."

मी दार्जिलिंगला वीस मिनिटं ऐकून जे समजून घेतलं ते यांनी एका वाक्यात बेदाण्यात बसवलं. मला जरा रागच आला.

त्या रागात मी म्हणालो आज चहा मी करणार. काकूंनी ओटा मोकळा करून दिला, हा त्यांचा मोठेपणा. मी बेसिनच्या नळाचं पाणी पातेल्यात घेतलं, खळखळ उकळलं, अंदाजाने पाच चमचे पत्ती टाकली, झाकण ठेवलं, आणि मधे मोबाईलवर एक मेसेज आला म्हणून सात-आठ मिनिटं गेली असतील. चार स्टीलच्या कपांत गाळलं. रंग मळका तपकिरी, गटाराला आलेल्या पहिल्या पुराचा असतो तसा. वर एक पातळ पापुद्रा, कप हलवला की तडे जायचे.

काकांनी कपात बघितलं. "दूध घातलं नाहीस ना? मग साय कशी आली?"

चवीबद्दल काही बोलत नाही. चुलतभावाने एक घोट घेतला आणि म्हणाला, दादा, याचे अकराशे दिलेस का बे? म्हणजे मी बाकीच्यांना साडेपाचशे सांगितले होते, खरा आकडा फक्त त्याला माहीत होता, आणि तो तिथेच फुटला.

आता इथे काकूंचा प्रवेश. त्या इतका वेळ शेंगा सोलत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोअरचं पाणी घेतलास व्हय? त्यात डाळसुद्धा शिजत नाही, तुझा चहा काय शिजणार."

हे मला माहीत असायला हवं होतं. त्या घरात पाण्याच्या जाती आहेत. बेसिनचं बोअरचं, ते भांड्याला आणि धुण्याला. नळाचं, ते रोज येत नाही, आलं की भरून ठेवायचं, प्यायला. आणि त्या नळाच्या पाण्यातलं एक कळशीभर फडक्याने गाळून कोपऱ्यात वेगळं झाकून ठेवलेलं असतं, ते डाळीचं पाणी. तुरीची डाळ जड पाण्यात तासभर शिट्ट्या दिल्या तरी दाणा दाणा राहते हे काकूंनी लग्न होऊन आल्याच्या पहिल्या आठवड्यात शिकलेलं. तीच भानगड चहाची. पाण्यातला चुना चहातल्या तुरटपणाशी लागतो, त्याचा पापुद्रा धरतो, रंग मळतो आणि वास दाबून टाकतो. कडक सीटीसी पावडरीला, म्हणजे आपल्या रोजच्या दाणेदार चहाला, दूध, साखर, आलं सगळं असतं, ती सहन करते. या नाजूक पाल्याला कोण आहे?

काकूंनी कळशी पुढे केली. आणि इथून कारभार काकांनी हातात घेतला.

पहिलं म्हणजे खालून दुकानातला छोटा वजनकाटा मागवला. दार्जिलिंगला एका कपाला अडीच ग्रॅम घेतात असं मी म्हणालो होतो, म्हणून चार कपांना दहा ग्रॅम. पण पंख्याच्या वाऱ्याने काट्यावरचा आकडा नाचायला लागला, ९, ११, १०, परत ९. पत्ती इतकी हलकी की कागदावरून उडायला बघत होती. मग पंखा बंद. बेचाळीस डिग्री, दुपारचे तीन, पंखा बंद आणि आम्ही पाच माणसं एका काट्याभोवती! घाम काट्यावर पडू नये म्हणून काकांनी डोक्याला पंचा गुंडाळला.

दुसरं, कप. रंग बघायला आतून पांढरा कप पाहिजे, स्टीलमध्ये काय दिसणार. शोकेसमध्ये काकूंच्या लग्नातला चिनी मातीचा सेट आहे, गुलाबी फुलांचा, जो मी जन्मापासून फक्त काचेच्या पलीकडे बघितलाय. पाव्हणे आले तरी निघत नाही, सोयरीक जमवायला मंडळी आली तेव्हाही निघाला नव्हता म्हणे. तो निघाला. काकू स्वतः धूत होत्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तिसरं, आधण येऊ द्यायचं नाही. म्हणजे खळखळ नाही, त्याच्या जरा आधी, तळाचे बुडबुडे वर यायला लागले की गॅस बंद. तीन मिनिटं, काकांच्या घड्याळावर. मोबाईल माझ्याकडून काढून घेतला होता.

गाळला. फिकट सोनेरी, कडेला किंचित हिरवट. पापुद्रा नाही. कपातलं तळाचं गुलाबी फूल स्पष्ट दिसत होतं.

काकांनी कप उचलून बशीत ओतला. म्हटलं अहो काका, याला बशी नसते. त्यांनी ऐकलं नाही, बशी ओठाला लावली आणि मारला भुरका. लांब, फुर्रर्र, शेवटी टाळूला आपटणारा. तोच आवाज! त्या टेस्टिंग रूममधल्या माणसाचा हुबेहूब तोच. अरे, तो चमच्याने जे करत होता ते आमच्याकडे सगळी म्हातारी माणसं बशीने करतात की. चहा पसरून निवतो, वाऱ्याबरोबर तोंडभर उडतो आणि वास मागून नाकात चढतो. तिथे त्याचा पगार मिळतो, इथे सुना तोंड वाकडं करतात.

मीही बशीत ओतला. आणि पहिल्यांदा मला काहीतरी लागलं. आधी काहीच नाही, मग जिभेच्या कडांना हलका तुरटपणा, आणि घोट गेल्यावर मागे एक वास राहिला, ओळखीचा, पण नाव आठवेना. फ्लोरल नाही. मोहोर? आंब्याचा मोहोर थोडा आहे. पण अजून काहीतरी.

"हुरडा," काकू म्हणाल्या.

सगळे गप्प.

"हुरडा की हो. गूळभेंडीचा. आगटीत कणीस टाकलं की धूर धरायच्या आधी जो वास सुटतो तो. कवळा."

आणि तोच होता. जानेवारीत शेतावर गोवऱ्यांच्या आगटीभोवती बसून चटके खात तळहातावर चोळलेला हुरडा, हिरवा, दुधाळ, गोडसर, आठ दिवस उशीर झाला तर ज्याची ज्वारी होते. त्या माणसाने मला फ्लोरल-ग्रीन-ब्राइट सांगण्याऐवजी कवळा म्हटलं असतं तर मी तिथेच समजलो असतो. अर्थात त्याला कुठून माहीत असणार, त्याच्याकडे हुरडा नाही. आणि माझ्याकडे तो असून मी "व्वा, फ्लोरल" म्हणत होतो.

काकूंनी त्यावर शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणली. हा प्रकार कुणी करू नये, चटणीच्या एका घासाने पुढच्या दोन कपांची चव मेली. मी दोन्ही खाल्लं, काय करणार.

पण मला लिहावंसं वाटलं ते यानंतरच्या प्रकारामुळे. कप संपल्यावर काका गाळणीतला चोथा टाकायला उठले. रोजची सवय, गाळणी कुंडीत आपटायची. मधेच थांबले. चोथा बशीत काढला, बोटाने पसरला. पत्ती भिजून उलगडली होती. त्यांनी एक तुकडा नखाने सरळ केला, आणि ते अख्खं पान निघालं, लहान, कडेला करवतीचे दाते असलेलं. मग दुसरं. मग एक देठ, त्याला दोन पानं आणि मधे टोकदार कळी.

"हे पान हाय," काका म्हणाले.

चाळीस वर्षं. रोज किती किलो चहा त्या हातांखालून गेला असेल. आणि तो सगळा सीटीसी, दातेरी रोलरमधून चिरडून, फाडून, वळून केलेले दाणे. डस्ट तर पीठच. चहाच्या झाडाचं पान त्यांनी पाकिटावरच्या चित्रात बघितलेलं, हातात कधी नाही. मला वाटलं होतं गंमत करतील, पण ते ती कळी बोटावर घेऊन खिडकीपाशी गेले आणि उजेडात धरून बघत राहिले. काकू म्हणाल्या, अहो पंखा लावू का आता. त्यांनी उत्तरच दिलं नाही.

मग प्रश्न सुरू. एका किलोला असे कोंब किती? म्हटलं वीस हजाराच्या आसपास सांगतात, हाताने खुडलेले. दार्जिलिंग पिकतो किती? म्हटलं एकेकाळी कोटी किलोच्या वर पिकायचा, २०२४ ला साठ लाखांच्याही खाली आला. झाडं म्हातारी, पाऊस वेळेवर नाही, मजूर मळे सोडून चाललेत. देशात सगळा मिळून चहा सव्वाशे कोटी किलोच्या वर. काकांनी मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे हजार किलोत पाच किलोसुद्धा नाही. मग मला दिसणार कसा." स्वतःचीच समजूत काढल्यासारखं म्हणाले.

त्याच पत्तीवर त्यांनी परत पाणी ओतायला लावलं. दुसरा घाणा जरा फिका, पण हुरडा होता. "दोनदा निघतो. अकराशेचे चाळीस कप म्हणजे साडेसत्तावीस रुपये कप. दोनदा काढला तर पावणेचौदा." स्टेशनबाहेरच्या चहाशी तुलना करून ते बऱ्यापैकी समाधानी झाले. संध्याकाळी परत एकदा केला, परत पंखा बंद.

बाकीचे दोन दिवस सिद्धेश्वर, तळ्याची एक चक्कर, चादर खरेदी, ऊन. चादर आहे चांगली.

निघताना मी पाकीट काकांसाठी ठेवून आलो होतो, टीव्हीच्या मागे, बोलायचं नाही म्हणून. गाडीत कुर्डुवाडीच्या पुढे भूक लागली, काकूंनी दिलेली भाकरीची पिशवी उघडली तर चटणीच्या डब्याखाली तेच पाकीट, तोंड दुमडून दुकानाच्या स्टेपलरने दोन पिना मारलेलं. वर काकांच्या अक्षरात, उधारीच्या वहीत लिहितात तसं:

जमा १००. खर्च ३०. दुकानात दाखवायला घेतले २०. परत ५०. बोअरच्या पाण्यात करू नये.