सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे

भंडाऱ्याकडच्या एका मालगुजारी घराण्याची जुनी ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची, रायफल नागपुरात माझ्याकडे कामाला आली. परवाना वारसाच्या नावावर, कागदपत्रं चोख. मालकाची तक्रार एकच: "भाऊ, गोळी डावीकडे जाते. माशी ठोकून सरकवून द्या नं." माशी म्हणजे नळीच्या तोंडाजवळचा, नेम धरायचा उंचवटा.

ठासणीचं हत्यार हाती आलं की आधी गज, म्हणजे गोळी ठासायची कांब, नळीत सोडायचा. तोंडाशी बोटाने खूण धरायची, गज बाहेर काढून नळीच्या बाजूला लावायचा. तो दारू पेटवणारी टोपी बसते त्या निपलापर्यंत पोचत नसेल, तर आत जुना भार, म्हणजे आधी भरलेली दारू-गोळी, पडून आहे. ही नळी रिकामी निघाली. पुढची माशी पितळेची, गोलसर, दोन मिलिमीटर जाड. मागे लोखंडी पट्टीत व्ही आकाराची खाच. दोन्हींमधलं अंतर ७० सेंटिमीटर.

रेंजवर निशाण ५० मीटरवर, नळीचं तोंड उत्तरेला. थंडीतलं सकाळचं तिरपं ऊन. प्रत्येक बाराला दारू एकाच मापाने, गोळीभोवतीची चिंधी त्याच कापडाची, आणि दर बारानंतर नळीतून ओली चिंधी, मग कोरडी. काळ्या दारूची राख साठत गेली की गोळी घट्ट जाते, दाब बदलतो आणि मार भरकटतो. मग माशीला दोष देण्यात अर्थ नाही. गोळी दारूला टेकली की गजावर एक रेघ ओढून ठेवायची, दर वेळी रेघ तोंडाशी आलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी फुगते.

पाच गोळ्या एका जागी बसल्या, मध्यापासून चार सेंटिमीटर डावीकडे आणि दहा सेंटिमीटर खाली. गणित सरळ आहे: गोळी जेवढी चुकली ते अंतर गुणिले माशी आणि खाच यांमधलं अंतर, भागिले निशाणाचं अंतर. डावीकडच्या चुकीसाठी अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त सरकवणं पुरलं असतं. पण घट्ट बसलेली माशी ठोकण्याआधी दुसऱ्या उजेडात तपासायलाच हवी, म्हणून संध्याकाळी तोच भार, तीच टेकणी. गोळ्या उजवीकडे गेल्या, जवळपास तेवढ्याच. उंचीतली चूक मात्र जागची हलली नव्हती.

माशी वाकडी असती तर चूक दोन्ही वेळा एकाच बाजूला राहिली असती. सकाळी ऊन उजवीकडून येतं, गोल पितळेची उजवी कड चकाकते. डोळा त्या चकाकीलाच माशीचा मध्य मानतो आणि तिला खाचेच्या मधोमध आणतो. खरी माशी त्या वेळी डावीकडे गेलेली असते, नळीही तिच्यासोबत. संध्याकाळी हेच उलट. गोळी नेहमी उन्हापासून दूर पळते.

नळी रिकामी करून, दारूचा डबा लांब ठेवून चकाकी मरावी म्हणून माशीवर चिमणीची काजळी धरली. दुसऱ्या सकाळी गोळ्या उभ्या रेषेवर आल्या. माशी जागची हलवलीच नाही! नेमबाजाकडची तिची गोल बाजू तेवढी बारीक कानसने उभी सपाट केली, म्हणजे कडेने ऊन पडलं तरी एकच कड चमकणार नाही.

राहिला खालचा मार. गोळी खाली लागते तेव्हा पुढची माशी उंच असते. ती घासली की मार वर चढतो. हिशोबाने १.४ मिलिमीटर घासायचं होतं. एकदम घासू नये, कमी झालेली माशी परत वाढत नाही. आधी ०.७ घासून पाच बार काढले, मार पाच सेंटिमीटर वर आला. पुढचं काम कानसचे दोन-दोन हात मारत, प्रत्येक वेळी काजळी नव्याने धरून. शेवटची कसर मी मुद्दाम सोडतो, कारण मालकाचा गाल दस्त्यावर माझ्यासारखाच टेकेल असं नाही. ती त्याच्याच बारांवर काढली.

दारूचं माप, चिंधी आणि रेघ ओढलेला गज रायफलीसोबतच दिले. यातलं काहीही बदललं, तर माशी पुन्हा तपासावी लागेल.