आधी पाणी बघा, मग बाटली

सोलापुरात शाम्पू घ्यायचा तर आधी बादलीतलं पाणी बघा, असं मी पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. बाटलीवर 'कोरड्या केसांसाठी', 'दाट केसांसाठी' असं काहीही छापलेलं असू दे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलेलं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला जपून ठेवायचं आणि अंघोळीला बोअर नाहीतर टँकर, हे कितीतरी घरांत चालतं. बोअरचं पाणी जड असतं. आपल्या पायाखाली सगळा काळा बेसाल्ट, त्याच्या भेगांतून मुरत आलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊनच वर येतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. केसांसाठी असलं काही मानक कुणी बघत नाही, पण केसांना ते कळतं.

घरी बघायचं असेल तर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाका आणि झाकण लावून जोरात हलवा. वर भरपूर फेस आला आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, त्यात दह्याच्या कण्यांसारखं काहीतरी तरंगतंय, तर पाणी जड. त्याच कण्या साबणानं डोकं धुतलं की केसांवर बसतात. शिकेकाईचा साबणसुद्धा शेवटी साबणच, तोही बोअरच्या पाण्यात केस चिकट करतो. खऱ्या शिकेकाई-रिठ्याचं तसं होत नाही. पण पूड वस्त्रगाळ करून घ्या, नाहीतर भुरा भांगात अडकून राहतो.

शाम्पूच्या अशा कण्या होत नाहीत. तरी क्षार थोडेथोडे केसांवर साचत जातातच. "ताई, केस लई राठ झालेत बगा, शाम्पू बदलू का?" असं विचारत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना शाम्पू बदलायची गरजच नसते. शेवटचे दोन-तीन तांबे नळाच्या पाण्याचे घ्यावेत, एवढंच मी सांगते. शिवाय पंधरा-वीस दिवसांतून एकदा ज्याच्या घटकांत इडीटीए लिहिलेलं आहे असा शाम्पू वापरावा. तो कॅल्शियमला धरून ठेवतो आणि पाण्याबरोबर घेऊन जातो. बऱ्याच साध्या शाम्पूंत तो थोडा असतोच, क्लॅरिफाइंग, म्हणजे केसांवर साचलेलं काढणारे म्हणून मिळणाऱ्यांत जास्त भरवसा.

आता शाम्पू. तो टाळू बघून घ्यायचा, केसांची लांबी बघून नव्हे. माझं पार्लर अशोक चौकाच्या बाजूला, त्यामुळे यंत्रमागावर आणि शिलाईकामाला जाणाऱ्या बायका खूप येतात. भांग पाडला की कापसाचे बारीक तंतू दिसतात, घामानं टाळूला चिकटलेले. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, वर डोक्याला फडकं गुंडाळलेलं. अशा बाईला 'आठवड्यातून एकदाच डोकं धुवा' हा सल्ला देणं मला पटत नाही. एक दिवसाआड धुवा, फक्त शाम्पू सौम्य घ्या आणि मगभर पाण्यात मिसळून ओता.

सौम्य कसा ओळखायचा? बाटली उलटी करून घटक वाचा. जे जास्त प्रमाणात असतं त्याचं नाव आधी येतं. पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर तो कडक. सोडियम लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा मवाळ, आणि सोबत कोकामिडोप्रोपिल बिटेन असेल तर आणखी मवाळ. सल्फेट-फ्रीचं सध्या फार आहे. रंग लावलेल्या किंवा कुरळ्या केसांना ते मी आवर्जून सुचवते. पण रविवारी डोकं तेलानं चप्प करून सोमवारी धुणारीला सल्फेट-फ्रीनं तीन-तीनदा चोळावं लागतं, पाणी जातं आणि केसही तुटतात. तिला साधा शाम्पू बरा. तेल मात्र खोबरेलच लावा आणि धुण्याआधी लावा. ते केसाच्या आत शिरतं, धुताना केस कमी फुगतो आणि त्यातलं प्रथिन कमी झिजतं. कोंडा असेल तर तेल बंद. कोंड्यामागच्या बुरशीचं खाद्यच तेल आहे. तिथे झिंक पायरिथिऑन किंवा किटोकोनॅझोलचा शाम्पू, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून.

कंडिशनरबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण त्याची उगाच भीती आहे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे दोन फुटांच्या वेणीचं टोक चार वर्षांचं असतं. चार उन्हाळे, चार वर्षांचा कंगवा, हेल्मेट, बोअरचं पाणी, सगळं त्या टोकानं सोसलेलं. मुळाशी आहेत ते केस या महिन्याचे. दोघांना एकच औषध कसं चालेल? कंडिशनर कानाच्या खाली लावायचा, टोकांना सगळ्यात जास्त. टाळूला लावला तर केस चपटे होऊन बसतात आणि मग 'मला कंडिशनर सोसत नाही' असं वाटतं.

घटकांत सिटाइल अल्कोहोल, सेटिअरिल अल्कोहोल वाचून मुली बाटली परत ठेवतात. हे मेणासारखे मऊ पदार्थ आहेत, केस कोरडे करत नाहीत. बिहेनट्रायमोनियम क्लोराइड दिसलं तर राठ केसांना ते चांगलं. झिजलेल्या केसावर ऋण भार असतो, याच्यावर धन, म्हणून ते नेमकं खराब जागी जाऊन बसतं. आणि शाम्पूच्या बाटलीवर ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड असं लांबलचक नाव दिसलं तर घाबरू नका, आपल्या गवारीच्या बियांच्या डिंकापासून तो बनवतात, गुंता कमी व्हावा म्हणून. पातळ, सरळ केसांना डायमेथिकोन, म्हणजे केसांवर थर धरणारं सिलिकॉन, फार असलेलं काही देऊ नका, तेलकट दिसतात. दाट, कुरळ्या केसांना तेच छान बसतं.

मोठी बाटली एकदम घेऊ नका. किराणा दुकानात पुड्या मिळतात, एकाच शाम्पूच्या तीन-चार घ्या आणि लागोपाठ वापरा. पहिल्या धुण्याला कुठलाही शाम्पू छानच वाटतो, तिसऱ्या-चौथ्याला टाळू खाजते की नाही ते कळतं.

आणि डोकं पुसायला आपला टर्किश टॉवेल वापरू नका. मी सोलापूरची असून सांगते. त्याचे फासे अंगाला उत्तम, पण ओला केस त्यात अडकून ओढला जातो. जुना सुती पंचा घ्या, दाबून पाणी टिपा, खसाखसा चोळू नका.

केस गळतात म्हणून शाम्पू मागणाऱ्या बायकांना मात्र मी काही विकत नाही. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच आहे. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या महिन्यापासून मूठमूठ केस हातात येतात, पोरी रडवेल्या होऊन येतात. मोठ्या तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी तसंच होतं. हे केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात, कुठला शाम्पू ते थांबवत नाही. गळणं सहा महिन्यांच्या पुढे गेलं तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. गोल चाई पडली असेल तर माझ्याकडे न येता थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.