सवाईचा आठवडा

डिसेंबरात पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाविषयी बोलताना लोक सहसा कलाकारांची नावे सांगतात. आमच्या घोळक्याला मात्र त्या दिवसांत काय वाचले आणि काय खाल्ले हेही तितकेच आठवते. घोळका म्हणजे पुण्याच्या वसतिगृहात एकत्र राहिलेल्या आणि पुढे मिरज, सोलापूर, ठाणे, पणजी अशा गावी पांगलेल्या मैत्रिणी. गाणे तेव्हा तीन रात्रींचे असे, पण आम्ही आठवडाभराची रजा काढत असू. आधीचे दिवस वाचनाचे आणि शेवटचा झोपेचा, असा अलिखित करार होता.

महोत्सव आर्य संगीत प्रसारक मंडळाचा. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आमच्या आठवणीतील सवाई मात्र न्यू इंग्लिश स्कूल, रमणबाग या शाळेच्या मैदानावरचा. एरवी मुलांच्या खेळण्याने धुळीने माखणारे ते मैदान मंडप पडला की ओळखू येत नसे. कडेला खुर्च्या आणि मधे भारतीय बैठक. आम्ही अर्थातच बैठकीत, कारण खुर्चीचे तिकीट परवडत नव्हते आणि खुर्चीत आडवे होता येत नाही.

उतरायचे ते एका मैत्रिणीच्या काकूंकडे, शनिवार पेठेतील वाड्यात. तेथून रमणबाग चालत पाच-सात मिनिटांवर, पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक त्याहून थोडा पुढे आणि लक्ष्मी रस्त्यावरचे पुणे नगर वाचन मंदिरही पायांच्या टप्प्यात. १८४८ साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयाचे सभासदत्व काकूंकडे होते आणि आमच्या आठवड्यापुरते ते सार्वजनिक होत असे. गायकांची चरित्रे, मुलाखती, जुने दिवाळी अंक असे काय मिळेल ते घरी यायचे; पण दर वर्षी न चुकता पुन्हा वाचले जाणारे पुस्तक एकच होते, वामनराव देशपांडे यांचे १९६१ सालचे ‘घरंदाज गायकी’. त्यात स्वर हे एक टोक आणि लय हे दुसरे टोक धरून घराण्यांना, म्हणजे गायकीच्या निरनिराळ्या परंपरांना, जागा वाटून दिल्या आहेत. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, आणि दोहोंचा तोल साधणारे म्हणून जयपूरला मानाचे स्थान. आता मी मिरजेची. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब यांनी मिरजेत मुक्काम केला, ते तेथेच विसावले, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. तेव्हा किराण्याला एका टोकाला बसवून जयपूरला मध्यभागी पाट मांडलेला मला कसा सोसणार? उलट पणजीची मैत्रीण जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकर यांच्या नावाने वाढलेली. सकाळच्या चहाला ती ते पान मुद्दाम मोठ्याने वाचायची आणि दुपारपर्यंत वाद आटोपत नसे. ‘‘अगं, आधी जेवून घ्या, मग त्या घराण्यांचं काय ते मिटवा,’’ असे काकू स्वयंपाकघरातून म्हणत, आणि पानावर बसल्यावरही आम्ही ते मिटवत नसू.

या वाचनाचा उपयोग रात्री होत असे. एखादा किराण्याचा गायक षड्जावरून निषादाकडे आणि निषादावरून धैवताकडे इतक्या सावकाश निघायचा की पूर्वी मला डुलकी लागत असे. पण ही एकेका स्वराची बढत कशासाठी असते हे सकाळी वाचलेले आणि दुपारी त्यावर भांडलेले असले, म्हणजे पुढचा स्वर कधी लागतो याची उत्सुकता झोपेला जवळ येऊ देत नसे. गाण्याचे शिक्षण आमच्यापैकी कोणीच घेतलेले नव्हते. आमचे कान जे काही तयार झाले, ते त्या वादांमुळे झाले असे मला वाटते; नुसत्या बसण्याने ते झाले नसते.

सवाई गंधर्वांचे तीन शिष्य, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि स्वतः भीमसेनजी, हे त्या काळी महोत्सवाचा कणाच होते. गंगूबाईंचा तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाज पहिल्यांदा ऐकून आमच्यातील एक जण स्वरमंच दिसेल अशा जागी उठून गेली होती. दस्तूरांना तर ‘गोपाला मोरी करुना’ म्हटल्याशिवाय श्रोते सोडत नसत. मूळ खाँसाहेबांची ही ठुमरी, पण पुण्याने ती दस्तूरांच्या नावावर केली होती. पहाटेच्या थंडीत तोडी किंवा ललत ऐकायला मिळणे हा रात्रभराच्या बैठकीचा खरा लाभ. भीमसेनजींचे गाणे संपले, की सवाई गंधर्वांच्या आवाजातील ‘बिन देखे पडे नाही चैन’ या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाई. महोत्सवाचा शेवट असा गुरूच्याच आवाजाने करण्याची प्रथा फार विचारपूर्वक पाडलेली आहे.

खाण्याचे म्हणाल, तर माझ्याकडे भडंगाची जबाबदारी होती. सांगली-मिरजेच्या बाजूचे लसूण आणि शेंगदाणे घातलेले भडंग पिशवीभर न्यायचे, आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतले गाणे, चालू असताना पिशवीला हात लावायचा नाही हा नियम. तबल्याची साथ चढली की मग कुरकुर ऐकू येत नाही. सोलापूरची मैत्रीण धपाटी आणि शेंगाचटणी आणायची. मंडपाबाहेरच्या स्टॉलवर बटाटेवडे, साबुदाणा खिचडी, मसाला दूध मिळे. पण मध्यरात्री आमच्या डब्यात काकूंची मटार उसळ असली, की बाहेर कोणी फिरकत नसे. डिसेंबरचा कोवळा मटार, त्याला आले, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण, आणि सोबत स्लाइस ब्रेड. शेजारच्या सतरंजीवरील अनोळखी मंडळींनाही एकेक वाटी जायची आणि तिकडून जायफळ घातलेली कॉफी यायची. अशा ओळखी पुढच्या डिसेंबरपर्यंत टिकत. एकमेकांची आडनावे मात्र कोणाला ठाऊक नसत.

ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा घालणारे नियम २००० साली आले आणि पुढे रात्रभराची बैठक संपली. नियम योग्यच आहेत; मंडपाच्या शेजारी राहणाऱ्या माणसालाही झोप असते. मात्र त्यामुळे पहाटेचे राग निसटले, दिवस वाढले आणि महोत्सव दुपार-संध्याकाळचा झाला. त्यानंतर मे २००८ मध्ये दस्तूर, जुलै २००९ मध्ये गंगूबाई आणि जानेवारी २०११ मध्ये भीमसेनजी गेले. पावणेतीन वर्षांच्या आत ती पिढीच संपली. महोत्सवाच्या नावात भीमसेनजींचे नाव आले. समारोपाला पुढे कितीतरी वर्षे प्रभाताई अत्रे गात असत.

डिसेंबर २०१४ चा किस्सा सांगितलाच पाहिजे. अवकाळी पावसाने महोत्सव जानेवारीवर गेला, पण आमच्या रजा मंजूर झालेल्या होत्या, म्हणून आम्ही जमलोच. मैत्रिणी होत्या, पुस्तके होती, उसळही होती. फक्त वाद काही केल्या पेटेना. पणजीच्या बाईंनी ते पान वाचून दाखवले, मी ठरलेले उत्तर दिले आणि विषय दहा मिनिटांत विझला. संध्याकाळी ज्याच्यावर पडताळा घ्यायचा ते गाणेच नव्हते, तेव्हा जिंकून करायचे काय? जानेवारीत ज्यांना रजा मिळाली त्या पुन्हा आल्या आणि तीन दिवस यथेच्छ भांडल्या.

२०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. जागा ऐसपैस आहे, वाहने लावायची सोय आहे, आणि आमच्या गुडघ्यांची स्थिती पाहता आता खुर्चीचे तिकीटही काढावे लागते. कोरोनाच्या खंडानंतर २०२२ मध्ये पुन्हा जमलो, तेव्हा वाद एका नव्या वळणावर गेला. हल्लीचे तरुण गायक दोन-तीन घराण्यांची तालीम घेतात, ध्वनिमुद्रणांतून सगळ्यांचेच ऐकतात, आणि एकाच ख्यालात किराण्याची आलापी आणि जयपूरच्या ताना भेटतात; मग १९६१ ची ती मोजपट्टी त्यांना कशी लावायची, हा माझा प्रश्न. पणजीकरणीचे म्हणणे, मोजपट्टी होती तशीच आहे, गायक तिच्यावरून इकडेतिकडे सरकले आहेत एवढेच. मला ते अजिबात पटलेले नाही, आणि येत्या डिसेंबरात ते प्रकरण तिच्याकडून पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्यायचे ठरले आहे.