वाडेकर सोडून इलिंगवर्थ का?

1971 चा आपला कर्णधार अजित वाडेकर सोडून इंग्लंडचा इलिंगवर्थ आवडता कसा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आवडता कर्णधार कोण, या प्रश्नाला मी रे इलिंगवर्थ म्हणालो की समोरचा हमखास विचारतो, "1971 साली आपल्याकडून हरला तोच ना?" हो, तोच.

मी नऊ वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. दरवर्षी नवी मुलाखत, आणि यंदा आपण आहोत की नाही हे कळेपर्यंत जुलै उजाडायचा. त्यामुळे 1968 सालचा इलिंगवर्थ मला लगेच कळतो. 1951 पासून तो यॉर्कशर या इंग्लिश काउंटीकडून, म्हणजे प्रांतिक संघाकडून, खेळत होता. ऑफस्पिन टाकायचा, मधल्या फळीत उभा राहायचा. एकाच मोसमात हजार धावा आणि शंभर बळी त्याने सहा वेळा केले होते. छत्तिसाव्या वर्षी त्याने एवढंच मागितलं, की करार दर वर्षाचा नको, जरा लांब मुदतीचा द्या. यॉर्कशरच्या क्रिकेट समितीचे अध्यक्ष ब्रायन सेलर्स यांनी कळवलं, खुशाल जा, आणखी कुणाला यायचं असेल तर त्यालाही ने! (भाषा याहून शिवराळ होती.)

तो लेस्टरशर या दुसऱ्या काउंटीला कर्णधार म्हणून गेला. 1969 च्या मोसमाच्या सुरुवातीलाच इंग्लंडचा कर्णधार कॉलिन काउड्रीची टाचेमागची शीर तुटली आणि इंग्लंडचं कर्णधारपद याच्याकडे आलं, तेही हंगामीच. तोवर 30 कसोट्यांत त्याचं एकही शतक नव्हतं. कर्णधार म्हणून दुसऱ्याच कसोटीत, लॉर्ड्सवर, वेस्ट इंडीजविरुद्ध 113. मग 1970-71 मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन त्यांच्याविरुद्धची कसोटी मालिका, म्हणजे अ‍ॅशेस 2-0 अशी जिंकली. सिडनीत एका प्रेक्षकाने सीमारेषेवर इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जॉन स्नोला धरलं, मैदानात बिअरचे डबे येऊन पडायला लागले, तेव्हा हा गडी सगळा संघ घेऊन सरळ तंबूत गेला. आपल्या माणसांसाठी असं उभं राहणारा वरिष्ठ मला नोकरीत भेटला नाही.

1971 ची ओव्हलची कसोटी, जी जिंकून आपण इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, ती तुम्हाला माहीतच आहे. 24 ऑगस्ट, गणेशचतुर्थी, मैदानावर आणलेली बेला हत्तीण, आपला फिरकीपटू चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी, इंग्लंड सर्वबाद 101. पण त्याच सामन्यात आपल्या पहिल्या डावात इलिंगवर्थने 70 धावांत 5 गडी टिपले होते, आणि आधीच्या ओल्ड ट्रॅफर्ड कसोटीत 107 काढल्या होत्या. हे आपण सांगत नाही.

लेस्टरशरला 1975 साली पहिलंवहिलं काउंटी अजिंक्यपद मिळालं, तेव्हा तो 43 वर्षांचा होता. पुढे यॉर्कशरनेच त्याला व्यवस्थापक म्हणून परत बोलावलं, आणि 1982 मध्ये, वयाच्या पन्नाशीत, कर्णधार केलं. 1983 मध्ये त्यांनी रविवारची एकदिवसीय लीग जिंकली आणि काउंटी स्पर्धेत इतिहासात पहिल्यांदाच तळ गाठला. एकाच वर्षी!

निवृत्तीनंतर तो आपल्या फार्स्ली क्लबच्या मैदानाची देखभाल करायचा. इंग्लंडचा माजी कर्णधार, रोलर घेऊन खेळपट्टीवर.