सेक्शन कुठून कापलाय?

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला दगडी भिंतीचं एक शीट असतं. प्लॅन म्हणजे वरून, एलिव्हेशन म्हणजे समोरून, आणि सेक्शन म्हणजे भिंत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते चित्र. सेक्शनमध्ये आतली आणि बाहेरची अशा दोन बाजूंना घडीव दगड, मधल्या पोकळीत डबर आणि चिपांची भर, आणि या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार गेलेला एक लांब दगड. तो थ्रू-स्टोन. मुलं हे शीट फार मन लावून करतात. एकेका दगडाला पोत देतात, सांधे शाईने जाड करतात.

बिल्डिंग कन्स्ट्रक्शन शिकवताना मी अशी शीटं ढिगांनी तपासली आहेत. बहुतेक सगळ्यांत सेक्शनची रेघ नेमकी थ्रू-स्टोनमधूनच गेलेली असते. पुस्तकातली आकृतीही तशीच असते, आणि त्यात गैर काही नाही; जो दगड समजावायचा तो दिसायला हवा. पण मुलांच्या मनात तयार होणाऱ्या भिंतीत मात्र हा दगड जागोजाग असतो. खऱ्या भिंतीत दोन थ्रू-स्टोनमध्ये मीटर-सव्वा मीटरचं अंतर असतं. डोळे मिटून कुठेही कापलं, तर बहुतेक वेळा तो सापडणारच नाही. आणि मुळात बांधणाऱ्याने तो घातलाच नसेल तर कुठेही कापा, सापडणार नाही. बाहेरून मात्र दोन्ही भिंती सारख्याच दिसतात.

हे मी वर्गात सांगत असे. मुलं मान हलवत. ते त्यांच्या हातांत उतरलं ते लातूर जिल्ह्यातल्या एका गावात.

पहिल्या वर्षाचा वर्ग जुन्या घरांची मोजमापं घ्यायला तिथे गेला होता. किल्लारीपासून फार लांब नसलेलं गाव. गावठाणात अजून माळवदाची घरं उभी आहेत: बाहेरून जाड दगडी भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर कड्या, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरवर्षी नवी माती पडायची, जुनी काढायची कुणी नाही. पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत गेला. एका घराच्या माळवदाचा कोपरा ढासळलेला होता, तिथे मुलांनी टेप लावला. मातीची जाडी 45 सेंटिमीटर भरली. मी म्हटलं, खालच्या खोलीवर किती वजन आहे ते काढा. खोली तीन बाय चार मीटर. ओट्यावरच वही उघडून एकाने गुणाकार केला आणि तो मांडता मांडता थांबला. घनमीटरला 1.7 टन धरला तर नऊ टनांच्या वर. एवढ्याच खोलीवरचा 12 सेंटिमीटरचा आरसीसी स्लॅब साडेतीन टनांच्या आसपास भरतो, आणि स्लॅब म्हणजे जड असं त्यांनी आजवर ऐकलेलं होतं.

त्याच बोळात पुढे एका घराची पूर्वेकडची भिंत उतरवायचं काम चाललं होतं. भिंतीला पोट आलं होतं, म्हणजे मधोमध ती बाहेर फुगली होती. घरमालकांनी ती पाडून नव्याने बांधायची ठरवलं होतं. गवंडी आणि दोन गडी होते. मी विचारलं, लेकरांना थोडं बघू द्याल का? मालक म्हणाले, ‘बघू द्या की, शिकायलाच आलेत.’ गवंड्यांनी मुलांना फुगवट्यापासून लांब, बोळाच्या पलीकडच्या ओट्यावर उभं केलं आणि आपण सांगितल्याशिवाय कुणीही खाली उतरायचं नाही, असा दम भरला.

भिंत उघडायच्या आधी मी मुलांना म्हटलं, हिचा सेक्शन आत्ताच काढा. बाहेरून दिसतं त्यावरून आतलं कसं असेल ते दाखवा. दहा मिनिटांत सगळ्यांच्या वह्यांत सेक्शन तयार होता. प्रत्येकात थ्रू-स्टोन होता, काहींत दोन होते. काहींनी तुळई भिंतीवर टेकवली होती. कुठून कापलं, हे एकाही वहीत लिहिलेलं नव्हतं.

गवंड्यांनी वरून सुरुवात केली. बाहेरच्या तोंडाचा पहिला दगड पहारीने हलवला, उचलून खाली दिला. दुसरा, तिसरा. चौथा काढला तशी आतून कोरडी माती भुरभुर सांडायला लागली. मुठीएवढे दगड, चिपा, खापराचा तुकडा. बाहेरचं तोंड फुटभर खाली उतरलं तरी आतलं तोंड आपलं आपलं उभंच होतं. दोहोंच्या मध्ये एका ठिकाणी पोकळी होती. गवंड्यांनी तिथे हात घातला, तो कोपरापर्यंत गेला.

मुलं गप्प होती. मग एका मुलीने विचारलं, ‘मामा, थ्रू-स्टोन कुठंय?’

‘आरपार दगड? न्हाई त्यात. ह्या दोन भिती हायत पोरी, पाठीला पाठ लावून. मधी माती.’

भिंत कोपऱ्यापर्यंत उतरली. लांब दगड सापडले ते फक्त कोपऱ्यात. अख्ख्या लांबीत एकही नाही.

हे ऐकून मुलांची पहिली प्रतिक्रिया बांधणाऱ्यावर राग काढायची होती. तो मला योग्य वाटला नाही आणि मी तसं सांगितलंही. या भागातला दगड काळा बेसॉल्ट. शेतातून, ओढ्यातून जो फुकट मिळतो तो झिजून गोल झालेला. अडीच फूट जाडीच्या भिंतीत आरपार जाईल असा दगड खाणीतूनच काढावा लागतो, तो फोडायला वेळ लागतो, उचलायला दोन माणसं लागतात, गाडीभाडं वेगळं. गोल धोंडे मात्र हवे तेवढे. मग त्यांची दोन तोंडं रचायची आणि मध्ये माती-डबर भरायचं, हीच पद्धत पडली. उन्हाळ्यात घर गार राहतं, भिंत भक्कम दिसते. जाडीलाच मजबुती समजलं गेलं. शहरातही तसंच समजतात.

पोट येण्याचं कारण आता समोर उघडं पडलेलं होतं. माळवदातून झिरपलेलं पाणी भिंतीच्या पोटात उतरतं. मधली माती वाहते, बसते. तिच्यातले बारीक दगड खाली सरकतात आणि पाचरीसारखे दोन तोंडांच्या मध्ये रुततात. दोघांना धरून ठेवणारं मध्ये काहीच नाही, म्हणून तोंडं एकमेकांपासून दूर ढकलली जातात. या घरात हे व्हायला कितीतरी पावसाळे लागले. जमीन हलली की तेच काही सेकंदांत होतं.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना या भागात ते झालं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. भूकंप 6.2 तीव्रतेचा. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि कितीतरी कमी माणसं मरतात. इथे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या झोनमध्ये होता. 2002मध्ये तो तिसऱ्या झोनमध्ये आला. त्या पहाटे भिंतींचं बाहेरचं तोंड बाहेर कोसळलं, उरलेल्या अर्ध्या भिंतीला वरचं ओझं पेलेना, आणि मघाशी मुलांनी मोजली ती टनावारी माती खाली झोपलेल्यांवर आली. वर्गात हे सांगताना माझ्यामागे स्लाइड असते. इथे भिंत होती, माती अजून सांडत होती. माझा आवाज नीट राहिला नाही.

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की भिंतीचा वरचा भाग पूर्ण उतरलाय आणि तरी माळवद जागच्या जागी आहे. ज्यांनी तुळई भिंतीवर टेकवली होती ती मुलं वही आणि घर आळीपाळीने बघायला लागली. तुळया भिंतीला लागून आत उभ्या असलेल्या खांबांवर होत्या. गवंड्यांनी दोन टेकू दिले होते, तेवढेच. खांब शाबूत होते अशा घरांत 1993मध्येही बऱ्याचदा भिंती पडल्या आणि माळवद वर राहिलं, आतली माणसं वाचली. मुलांना खांब दिसले नव्हते असं नाही, त्यांनी ते सकाळी मोजलेसुद्धा होते. पण जाड भिंत दिसली की तीच सगळं पेलते, असं मन आपोआप धरून चालतं.

शेजारच्या घरातल्या आजी एव्हाना बाहेर येऊन बसल्या होत्या. ‘काय बघायलाव रे लेकरांनो?’ मुलांनी सांगितलं. आजी म्हणाल्या, ‘मग आमची भित बघा की. भूकंपानंतर सायेब लोक आले हुते, त्यांनी भोकं पाडून गज घातले हायत त्यात.’

त्यांच्या भिंतीवर सिमेंटचे वीतभर ठिगळांसारखे गोल होते, ओळीने, एका आड एक. सकाळी आम्ही त्याच भिंतीचं एलिव्हेशन मोजलं होतं आणि एका मुलाने त्या गोलांपुढे ‘प्लास्टर दुरुस्ती’ असं लिहिलं होतं. ती दुरुस्ती नव्हती. उभ्या भिंतीत मागाहून घातलेले थ्रू-स्टोन होते ते. भिंतीतला एक दगड अलगद काढायचा, तिथून समोरच्या तोंडापर्यंत हळूहळू भोक न्यायचं, दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई त्यात ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरून टाकायचं. घाईने हातोडा मारला तर भिंतच ढिली होते, म्हणून एकेक भोक धीराने करावं लागतं. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, ते सगळ्यांना माहीत असतं. पण कितीतरी गावांत घरं आहेत तिथेच राहिली आणि दुरुस्त, बळकट केली गेली. त्या कामाकडे आमच्या अभ्यासक्रमाने फारसं पाहिलेलं नाही, याची मला खंत आहे. नवीन बांधायला शिकवणाऱ्या तासांच्या मानाने उभं असलेलं सांभाळायला शिकवणारे तास फारच थोडे.

त्या मुलाने ‘प्लास्टर दुरुस्ती’ खोडलं आणि आजींच्या भिंतीवरचे सगळे गोल पुन्हा मोजायला घेतले. कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी जेवणानंतर गवंडी आणि मालक नव्या भिंतीचं बोलत होते. मालकांना भिंत पूर्वीएवढीच जाड हवी होती, दगड तर पडलेलाच आहे ना. मुलांनी मध्ये तोंड घातलं, आणि मी घालू दिलं. 1993मध्येच आलेल्या आयएस 13828 या भारतीय मानकात अशा दगडी भिंतीची जाडी 450 मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं सांगितलंय. जाडी आवरली की दोन तोंडं एकमेकांत गुंफता येतात, भरीला जागाच उरत नाही, आणि आरपार दगडही तेवढा लांब लागत नाही. गवंड्यांनी हे लगेच उचलून धरलं: ‘दीड फूट बास हाय. माल बी कमी लागंल.’

मग एका मुलीने वहीत सेक्शन काढून त्यांच्यापुढे धरला, थ्रू-स्टोन लाल रंगात. त्यांनी तो नीट पाहिला आणि परत दिला. ‘हे समजलं. पर दगड ठेवायचा कुठं? किती?’

मला त्या दिवसातला हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. सेक्शनमध्ये त्याचं उत्तर नसतं. सेक्शन सांगतो की असा दगड असतो. गवंड्याला मात्र थर रचायचे असतात. कितव्या थराला, कोपऱ्यापासून किती अंतरावर, हे त्याला हवं असतं, आणि ते मिळतं थराथराच्या प्लॅनमधून.

मुलांनी खडू घेतला आणि ओट्याच्या फरशीवर भिंत आडवी काढली. लांबी 18 फूट, उंची 9 फूट. नियम असा: दर 600 मिलिमीटर उंचीला एक ओळ, ओळीत दोन दगडांमध्ये 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर नको. म्हणजे दोन-दोन फुटांवर चार ओळी. एका ओळीत पाच, वरच्या ओळीत त्यांच्या मधोमध चार, पुन्हा पाच, पुन्हा चार. अठरा. गवंडी ओळींवरून बोट फिरवत होते. कोपऱ्यातले लांब दगड वेगळे धरा, म्हणाले, ते जुन्या भिंतीतलेच वापरू. आणि दीड फुटाचे अठरा धोंडे कुठून आणायचे? जुन्या ढिगात शोधलं तर पुरे पडतील असे चार-पाच निघाले.

‘लांब न्हाई गावला तर दोन दगड एकमेकांत घुसवायचे, ह्या तोंडाचा एक, त्या तोंडाचा एक,’ असं म्हणून त्यांनी दोन दगड फरशीवर ठेवून दाखवले. प्रत्येक दगड भिंतीच्या पाऊण जाडीएवढा लांब, मधला भाग शेजारी शेजारी. मानकातही हाच पर्याय दिलेला आहे, जवळजवळ याच मापाचा. गवंड्यांनी ते मानक कधी पाहिलेलं नव्हतं. मानकातला आणखी एक पर्याय मुलांनी मोबाइलवर शोधून वाचून दाखवला: काँक्रीटची 50 बाय 50 मिलिमीटरची कांडी, मध्ये 8 मिलिमीटरची सळई, लांबी भिंतीच्या जाडीएवढी. गवंडी खूश झाले. फळ्यांचा साचा करून ओतता येतील, आठ-दहा दिवस पाण्यात ठेवायच्या, तोवर पाया साफ करून घेऊ.

एका मुलाने विचारलं, बांधताना दगड घातला की नाही हे नंतर कळणार कसं? सरकारी कामांत थ्रू-स्टोनच्या तोंडावर रंगाने खूण करायची पद्धत आहे, म्हणजे तपासणारा बाहेरून मोजू शकतो. हे सांगितल्यावर मालकांनी लगेच खुणा करायला सांगितल्या. ‘दोन्ही अंगानं करा,’ असं त्यांनी गवंड्यांना बजावलं, ‘मी आतनं बी मोजणार.’

परत आल्यावर मी ते शीट बदललं. आता एका भिंतीचे दोन सेक्शन मागते, एक थ्रू-स्टोनमधून, एक त्याच्या शेजारून, आणि चार थरांचे चार प्लॅन. शेवटी लागणाऱ्या दगडांचा आकडा लिहायचा. हे शीट पूर्वीपेक्षा कमी देखणं होतं. वर्षअखेरीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खडूने भिंत काढणाऱ्या मुलींपैकी एकीला विचारलं, या सेक्शनमध्ये थ्रू-स्टोन का नाही? ती म्हणाली, ‘सर, मी जिथून कापलंय तिथे तो नाही. पुढचा 40 सेंटिमीटरवर आहे, प्लॅनमध्ये बघा.’ त्यांनी शीट आपल्याकडे ओढून घेतलं, प्लॅनवर बोट ठेवलं आणि पुढचा अर्धा तास तिच्याशी त्या गावातल्या भिंतीबद्दल बोलत बसले.