रिपोर्ट निगेटिव्ह, पेशंट पेंगलेला

अमेरिकेतल्या ज्या व्यसनमुक्ती क्लिनिकमध्ये मी फार्मासिस्ट आहे, तिथली ही केस. छपरांची कामं करणारे चाळिशीतले गृहस्थ खुर्चीतच पेंगत होते, श्वास मिनिटाला जेमतेम दहा. ड्रग्ज तपासायच्या लघवीच्या पट्टीवर मात्र सगळं निगेटिव्ह. पत्नी सांगत होती, "ड्रग्ज घेत नाहीत, फक्त क्रेटम."

क्रेटम हा आग्नेय आशियातल्या, कॉफीच्या कुळातल्या झाडाचा पाला. इथे त्याची पूड पेट्रोल पंपावरच्या दुकानातसुद्धा मिळते. त्यातलं मायट्राजायनिन अफूच्याच रिसेप्टरवर काम करतं, पण रेणू वेगळा असल्याने साध्या पट्टीला कळत नाही. लॅबकडे मुद्दाम मागावं लागतं.

नुसत्या पाल्याने श्वास एवढा उतरेल हे मला पटेना. 2016-17 मधल्या अमेरिकी मृत्यूंच्या सरकारी पाहणीत क्रेटम सापडलेल्या 152 जणांपैकी फक्त 7 जणांत दुसरं काही आढळलं नव्हतं. म्हणून एकेक विचारलं: झोपेसाठी काय? पाठीसाठी? संध्याकाळी बिअर किती? घरात गोळ्या कुणाच्या? पत्नीने पर्समधून स्वतःची क्लोनाझेपामची (चिंतेवरची, गुंगी आणणारी गोळी) बाटली काढली. आठवड्यापूर्वी भरलेल्या 30 गोळ्या, उरलेल्या 9. त्या रोज एकच घेतात. म्हणजे रोजच्या दोन यांच्या पोटात, वर चार बिअर. क्लोनाझेपामही साध्या पट्टीतून बऱ्याचदा निसटतं.

ऑक्सिजन लावून त्यांना आधी हॉस्पिटलात हलवलं. शुद्धीवर आल्यावर बाकीचं कळलं: डॉक्टरांनी हायड्रोकोडोन (अफूच्या जातीचं वेदनाशामक) बंद केलं, तेव्हापासून क्रेटम. "चमचाभर, दोन ग्रॅम" म्हणत होते. घरचा चमचा मागवून वजन केलं, शीग लावून 3.5 ग्रॅम भरला. असे दिवसाला सहा, म्हणजे 21 ग्रॅम.

अशा पेशंटचं सगळं एकदम तोडायचं नाही. क्रेटम सुटताना हाल होतात, पण क्लोनाझेपाम किंवा दारू अचानक थांबली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. दारू देखरेखीखाली सोडवली, क्लोनाझेपाम दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्क्यांनी उतरवायचं ठरलं. क्रेटमसाठी ब्युप्रेनॉर्फिन (अफूच्या जातीचं व्यसन सोडवायचं औषध), तेही क्रेटम उतरल्याची लक्षणं, म्हणजे अंगदुखी, जांभया, नाक गळणं, स्पष्ट दिसल्यावरच. घाई केली तर त्रास उलट भडकतो.

पत्नीला नालोक्सोनचा (अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा) 4 मिलिग्रॅमचा स्प्रे दिला: एका नाकपुडीत एक, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत नवा. क्लोनाझेपामच्या गोळ्या आणि दारूवर तो चालत नाही, त्यामुळे 911 ला (आपत्कालीन मदतीला) फोन आधी.