टेप काळी, अँप्यूल पिवळी

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतला इनक्युबेटर उघडला तर दोन्ही अँप्यूल, म्हणजे उष्णतेला चिवट जिवाणूंचे बीजाणू असलेल्या तपासणीच्या कुप्या, पिवळ्या. एक व्हायलाच हवी होती, ती कंट्रोलची, म्हणजे न तापवलेली. दुसरी कचऱ्याच्या पिशवीत मधोमध ठेवून १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह केली होती, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायला ठेवली होती. ती जांभळीच राहायला हवी होती. पिवळी झाली म्हणजे आतले बीजाणू जिवंत होते.

पिशवीवर लावलेल्या टेपचे, तापल्यावर काळे पडणारे पट्टे मात्र काळेभोर. टेप बाहेर लावलेली असते, बाहेर तापलं एवढंच ती सांगते. आमच्या वहीत महिनाभर 'टेप ठीक' आणि खाली सह्या. काही सह्यांची वेळ तर ऑटोक्लेव्हची सायकल संपायच्या आधीची आहे. याला मी निष्काळजीपणाच म्हणते.

ती पिशवी अजून गेली नव्हती. सेफ्टी कॅबिनेटमध्ये घेऊन कापली. कडेच्या पेट्री डिश वितळून एकमेकींना चिकटलेल्या, त्यांचा गोळा झालेला. मधल्या जशाच्या तशा, झाकणावर मार्करने लिहिलेली तारीखसुद्धा वाचता येत होती. हे प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं. म्हणजे मध्यापर्यंत तेवढीही उष्णता पोचली नव्हती.

कारण गाठ. तीन वेढे देऊन आवळलेली. आतली हवा कोंडली, वाफेला शिरायला जागाच नाही. वाफ वस्तूवर पाणी होऊन बसते तेव्हा आपली उष्णता सोडते, कोरडी गरम हवा तेवढं काम करत नाही. आणि 'गाठ घट्ट मारा' हे शिकवलं होतं मीच, एकदा पिशवी सांडली त्यानंतर.

आता पिशवी दोन तृतीयांशच भरतो, तोंड सैल ठेवतो, आत थोडं पाणी घालतो, खाली उंच काठाचा ट्रे, आणि सायकल ६० मिनिटांची. त्यानंतरची अँप्यूल जांभळी राहिली.

पण अँप्यूलची तपासणी आम्ही महिन्यातून एकदाच करायचो. मधल्या चार आठवड्यांच्या पिशव्या कचरा नेणाऱ्या मामांनी खांद्यावरून नेल्या होत्या. त्यांना बसवून सगळं सांगितलं, तपासणीला पाठवलं. ते म्हणाले, "मॅडम, त्यातल्या रक्ताच्या नमुन्यांच्या कुठल्या?"

पिशव्यांवर तेव्हा नंबर नव्हते. आता असतात, त्या चार आठवड्यांच्या पिशव्यांचं मात्र वहीत काहीच नाही.